आवाज न करणारा कॉम्प्युटर

वाघमारे मॅडम जुन्या मदरबोर्डचा वास घ्यायच्या. थेट नाक लावून नव्हे. वायूचा वास कसा घ्यावा हे त्या प्रयोगशाळेत मुलांना शिकवायच्या, अगदी तसा. बोर्ड एका हातात धरायचा, दुसऱ्या हाताच्या तळव्यानं त्याच्यावरचा वारा हळूच आपल्याकडे ओढायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "जळलाय हा कधीतरी. दुसरा दाखवा." सांताक्रूझ पूर्वेच्या गल्लीत हसमुखभाईंचं जुन्या-नव्या सुट्या भागांचं दुकान होतं. ते दर वेळी म्हणायचे, "बेन, ही काय अगरबत्ती आहे?" पण तो बोर्ड गुपचूप आत ठेवायचे.

अंधेरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात मॅडम केमिस्ट्री शिकवायच्या आणि मी मराठी. त्या माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या. मूळच्या उदगीरकडच्या. मुंबईत उभी हयात गेली तरी "काय करायलीस गं?" हे त्यांच्या तोंडून सुटलं नव्हतं. आम्ही दोघी वाकोल्यात राहायचो, त्यामुळे घरी जाताना रिक्षा एकच. रिक्षात त्या कधी कॉलेजचं राजकारण बोलल्या नाहीत. बोलायच्या ते पंख्यांबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात बसवतात त्या छोट्या पंख्यांबद्दल.

हे वेड त्यांना लागलं तेही कॉलेजातच. स्टाफरूममधला कॉम्प्युटर बंद पडला होता आणि दुरुस्तीवाला आज येतो, उद्या येतो करत होता. एका दुपारी मॅडमनी पेचकस आणला आणि डबा उघडून ठेवला. आम्ही सगळे लांब सरकलो. त्या म्हणाल्या, "मी रोज पोरांच्या हातात ॲसिड देते. ह्याच्यात घाबरण्यासारखं काय आहे?" आत धुळीचा गालिचा होता. त्यांनी तो ब्रशनं झाडला, मेमरीची पट्टी काढून पुसून परत बसवली आणि कॉम्प्युटर सुरू झाला. त्यांना मात्र तो सुरू झाल्याचं फारसं कौतुक नव्हतं. त्या उघड्या डब्यात बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "अगं, हे सगळं वेगवेगळं मिळतं का बाजारात?"

तेव्हापासून कुणालाही कमी पैशात कॉम्प्युटर हवा असला की तो मॅडमकडे यायचा. मजुरी त्या घेत नसत. त्यांची अट एकच होती, ज्याचं मशीन त्यानं जोडणीच्या वेळी समोर बसायचं आणि निदान एक भाग स्वतःच्या हातानं लावायचा. "स्वतः लावलेल्या मशीनला माणूस भीत नाही," असं त्यांचं म्हणणं. घरी जेवणाच्या टेबलावर सुती चादर अंथरलेली असायची आणि शेजारी इडलीपात्र. त्यांच्याकडे इडली खाल्ल्याचं मला आठवत नाही. त्या पात्राच्या खळग्यांत वेगवेगळ्या मापाचे स्क्रू असायचे. कामाला बसण्याआधी प्रत्येकाला स्वयंपाकघरातल्या नळाला हात लावून यावं लागे. अंगातली स्थिर वीज तिथे सोडायची आणि मगच भागांना हात लावायचा. पाहुणे आधी गोंधळायचे, काहींना वाटायचं हा काही विधी आहे.

माझ्या वेळची गोष्ट. मी पीएचडीचा प्रबंध लिहायला घेतला होता. माझ्या भाच्यानं व्हिडिओ बघून मला सांगितलं होतं की अमुक प्रोसेसर घे, तमुक ग्राफिक्स कार्ड घे, आणि डबा काचेचा घे म्हणजे आतले रंगीत दिवे दिसतात. मी ते सगळं मॅडमना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्याच्यावर करणार काय?"

"टायपिंग. मराठी टायपिंग."

"आणि?"

"आणि जुने अंक स्कॅन केलेत, ते वाचायचेत."

"वाचताना किती जवळ जातेस स्क्रीनच्या? दाखव."

मी दाखवलं. त्यांनी माझ्या मानेवर मागून बोट ठेवलं. "इथं दुखतंय ना?" दुखत होतं. मग त्यांनी ग्राफिक्स कार्ड उडवलं, दिवे उडवले, प्रोसेसर साधा केला आणि वाचलेल्या बजेटातून मला मोठा, डोळ्यांना न टोचणारा मॉनिटर आणि चांगला कीबोर्ड घ्यायला लावला. "प्रोसेसर पुढच्या वर्षी बदलता येईल. मान कुठून आणशील?" फक्त सगळ्या भागांना वीज देणाऱ्या पॉवर सप्लायवर पैसे वाचवू दिले नाहीत. तिथे त्या कुणाचंच ऐकत नसत. "बाकीचं बिघडलं तर एकटं बिघडतं. हा बिघडला तर सगळ्यांना घेऊन जातो." कॉम्प्युटर घरी आला तेव्हा माझी आई त्याच्याकडे बघत म्हणाली, "दिवे खंय आसत गो? तू तर दिवे म्हणत होतंस." ती मालवणची, तिला दिव्यांचीच उत्सुकता होती.

मॅडमचं चुकायचंही. चुकल्या की त्या खळखळून हसायच्या आणि मग ती गोष्ट दहा जणांना सांगायच्या. ओंकारची गोष्ट त्यांतलीच.

ओंकार माझा विद्यार्थी, जन्मापासून दृष्टी नसलेला. मोठी बुद्धी आणि त्याहून मोठी जीभ. वडील जोगेश्वरीला रिक्षा चालवायचे. त्याला कॉम्प्युटर हवा होता आणि बजेट अगदीच तुटपुंजं होतं. मी त्याला मॅडमकडे नेलं. मॅडमनी त्याचं काम समजून घेतलं. त्याचा कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं त्याला वाचून दाखवणार, तो कानानं ऐकणार आणि बोटांनी टाइप करणार. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, मग मॉनिटर कशाला? तो काढला की केवढं काय काय बसतंय! मेमरी वाढव, हेडफोन उत्तम घे, कीबोर्ड मस्त खटखट वाजणारा घे."

ओंकार म्हणाला, "नाही मॅडम. मॉनिटर पाहिजे."

"अरे पण तुला त्याचा उपयोग काय?"

"मला नाही. आई येऊन शेजारी बसते ना. मी काय करतोय ते तिला कळायला नको? तिला वाटतं मी नुसता अंधारात खटखट करतोय."

मॅडम उठून आत गेल्या, पाणी पिऊन आल्या. मग हसमुखभाईंना फोन लावला आणि जुन्यातला एक छोटा मॉनिटर काढून ठेवायला सांगितला. "पडद्यावर ओरखडा चालणार नाही हां हसमुखभाई. बघणाऱ्या बाई चोखंदळ आहेत." नंतर कित्येक महिने त्या स्टाफरूममध्ये सांगायच्या, "मी सगळ्यांना विचारते ना, ह्याच्यावर करणार काय? कोण कोण बसणार, ते विचारायचं राहूनच गेलं होतं."

पुढे ओंकार पदवीधर झाला, घाटकोपरच्या एका बँकेत लागला, पण मॅडमना आठवड्यातून एकदा फोन करायचा नेम त्यानं सोडला नाही.

मॅडमच्या हाताला कंप सुटलाय हे आधी मुलांच्या लक्षात आलं. प्रात्यक्षिकात थेंब थेंब द्रव सोडून दाखवताना त्यांचा उजवा हात हलायला लागला. त्यांनी ते काम डाव्या हाताकडे दिलं, मग सहायकाकडे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. रिक्षात मी विचारलं तर म्हणाल्या, "नाव कळलं, बरं झालं. आता निदान त्याला शिव्या देता येतात." त्यानंतर नवीन कॉम्प्युटर जोडायला त्यांनी नकार द्यायला सुरुवात केली.

त्याच सुमारास गावाकडून फोन आला. मॅडमची थोरली बहीण शांताबाई, त्यांची आक्का. आक्काच्या घशात गाठ निघाली होती. मुंबईला आणून तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावंच लागेल, जीव वाचेल, पण स्वरयंत्राला हात लागणार. आवाज राहील याची खात्री देता येत नाही.

हे सांगताना मॅडम रिक्षाच्या दांडीला घट्ट धरून बसल्या होत्या. "तुला माहीत नाही मंजिरी, ती काय गाते. जात्यावर बसली की तिला शब्द शोधावेच लागत नाहीत. जयंतीला वस्तीतली गाणी सगळी तिची. आम्ही दोघी शाळेत होतो. आई वारली, मग घरात कुणीतरी थांबायचं होतं. ती थांबली. तिनं एक अक्षर कुठे लिहून ठेवलेलं नाही गं. सगळं तिच्या गळ्यात आहे."

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन हसमुखभाईंच्या दुकानात गेल्या. आक्काची गाणी रेकॉर्ड करायची होती. मी म्हटलं, फोनवर होईल की. त्यांनी जोरात मान हलवली. फोनवर त्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा यायचा आणि दोन गाण्यांत जागा संपायची. त्यांना चांगला माइक लावता येईल, नंतर नीट साफ करून ठेवता येईल असं मशीन हवं होतं, आणि ते शेजारी चालू असताना माइकला ऐकू जाता कामा नये. बजेट नेहमीसारखंच बेताचं होतं. मॅडमनी त्या दिवशी वेगाची चौकशीच केली नाही. प्रोसेसर निवडला तो कमी तापणारा, म्हणजे त्याला वारा कमी लागेल. पंखा मोठा घेतला, म्हणजे तो सावकाश फिरेल. फिरणाऱ्या चकतीची हार्ड डिस्क बाजूला सारली. पॉवर सप्लाय काम कमी असलं की ज्याचा पंखा थांबतो तसला. हसमुखभाई म्हणाले, "बेन, एवढं शांत मशीन कशाला? झोपायचं आहे का त्याच्यापाशी?" मॅडमनी कारण सांगितलं. तेव्हा हसमुखभाईंनी आतून जाड स्पंज लावलेला एक डबा काढून दिला आणि वर धूळ पुसूनही दिली.

रविवारी दुपारी जोडणीला मी आणि ओंकार दोघं हजर होतो. आक्का आतल्या खोलीत झोपली होती. मॅडमनी सगळ्यांना नळाला हात लावायला पाठवलं. मग म्हणाल्या, "प्रोसेसर मी बसवणार." त्यांनी तो चौकोन चिमटीत धरला, श्वास रोखला आणि बोर्डावर न्यायला लागल्या. शेवटच्या क्षणी हात हलला. प्रोसेसर निसटून खाचेत तिरका पडला. त्या खाचेत केसासारख्या बारीक पिना असतात, त्यातल्या काही वाकल्या.

मॅडम खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले. लहान मूल बसतं तशा. ऑपरेशन तोंडावर आलेलं, नवीन बोर्ड घ्यायला हाताशी काही उरलेलं नाही.

ओंकारनं विचारलं, "काय झालं? कुणीच का बोलत नाही?"

मी सांगितलं. तो म्हणाला, "मग सरळ करा ना. मॅडम, तुम्ही बोला, मंजिरी मॅडम करतील. वर्गात तुम्ही कुठे स्वतः करायचात? पोरांकडूनच करून घ्यायचात."

मॅडमना हसू आलं. त्यांनी मला टेबलाचा दिवा जवळ घ्यायला लावला, भिंग दिलं आणि पेटीतून शिसं घालायची पेन्सिल काढली. आतलं शिसं काढून टाकलं की तिच्या टोकाची बारीक नळी पिनेवर बरोबर बसते. "घाल तिच्यावर. जोर लावायचा नाही. आता किंचित उजवीकडे. किंचित म्हटलं की थांबायचं. थांब. श्वास घे." माझ्या पाठीवर घामाची धार लागली होती. त्यांचा आवाज मात्र प्रयोगशाळेतल्यासारखा सपाट होता. एकेक पिन उभी राहत गेली. शेवटी प्रोसेसर त्यांच्या देखरेखीखाली मीच ठेवला आणि खटका दाबला. मशीन सुरू झालं, पडद्यावर अक्षरं आली, तेव्हा मॅडमनी माझ्या हाताचा तळवा उलटा करून पाहिला, जणू तिथे काही बदल झालाय का ते बघायचं होतं.

मग ओंकारची पाळी. त्यानं डब्याला कान लावला. "डावीकडे खाली काहीतरी घासतंय."

आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. डबा उघडला तर खरंच, एक वायर पंख्याच्या कडेला टेकत होती. ती दोऱ्यानं बांधली. ओंकारनं परत कान लावला. "आता नाही. आता बंद आहे की चालू तेच कळत नाही."

मॅडमनी आक्काला हाक मारली. ठेंगणी, सावळी बाई पदर सावरत बाहेर आली. तिला माइकसमोर बसवलं. मॅडमनी बटण दाबलं, बोट वर करून खूण केली आणि त्याच क्षणी डोक्यावरून विमान गेलं. खिडकीची काच थरथरली. आक्का दचकून मॅडमना म्हणाली, "आगं बया! इमान घरात आलं का काय उषे?"

आम्ही तिघी आणि ओंकार इतके हसलो की शेजारच्यांनी दार वाजवलं. वाकोला विमानतळाला चिकटून. एक विमान उतरतं न उतरतं तोच दुसरं. मॅडमनी कपाळाला हात लावला. "मला ते ऐकूच येत नाही गं आता. इतकी वर्षं झाली. पंख्याचा आवाज मोजत बसले आणि विमान विसरले."

जागा त्यांनाच सुचली. कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेला लागून वजनकाट्यांची छोटी खोली आहे. वाऱ्यानं काटा हलू नये म्हणून तिला खिडकी नाही, दार जाडजूड. दिवाळीची सुट्टी चालू होती. प्राचार्यांनी किल्ली दिली. आम्ही कॉम्प्युटर चादरीत गुंडाळला आणि रिक्षात आक्काच्या मांडीवर ठेवला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती डब्याला थोपटत होती.

खोलीत पोचल्यावर आक्काला गाणं येईना. माइककडे बघून ती लाजायला लागली. "कुणापुढं म्हणू? ह्या डब्यापुढं? मला न्हाई जमायचं बाई." मी नाही नाही ते बोलून पाहिलं. मॅडम जमिनीवर मांडी घालून आक्कासमोर बसल्या आणि मधे जातं असावं तसा उजवा हात पुढे करून मूठ धरली. ती मूठ थरथरत होती. आक्कानं क्षणभर पाहिलं. मग आपला हात त्या मुठीवर ठेवला, जात्याचा खुंटा दोघी जणी धरतात तसा, आणि दोघी हात गोल गोल फिरवायला लागल्या. पहिल्या फेऱ्यात काहीच नाही. दुसऱ्यात ती गुणगुणली. मग गळा मोकळा झाला.

धाकली शिकाया गेली, दूर मुंबई गावाला
माझ्या हातची भाकर, तिच्या पहिल्या पाठाला

मॅडमनी ही ओवी आधी ऐकली नव्हती हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. हात फिरवायचा मात्र त्यांनी थांबवला नाही, कारण थांबवला असता तर आक्काही थांबली असती. मी दारापाशी उभी होते. माझ्या शेजारी ओंकार मान खाली घालून, हेडफोन लावून ऐकत होता. मशीन चालू आहे हे मला फक्त त्याच्या बारीक दिव्यावरून कळत होतं.

सुट्टी संपेपर्यंत आम्ही रोज जात राहिलो. आक्काला एकदा तिचंच गाणं ऐकवलं तर ती म्हणाली, "कोण गं ही? लई गोड म्हणायली." मॅडम म्हणाल्या, "तूच की आक्का." ती विश्वास ठेवेना. तिनं हेडफोन काढून आत कोण बसलंय का ते पाहिलं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. आवाज गेला. पुढे कुजबुजण्याएवढा परत आला, तेवढाच. आक्काला परत गावी जायचं होतं, आणि या खेपेला तिला एकटीला पाठवायला मॅडम तयार नव्हत्या. त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. स्टाफरूममध्ये निरोपाचं भाषण करायला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाषण काय करायचं? मी आता आक्काकडे राहायला चाललेय. ती मला जेवू घालणार आहे." आणि खाली बसल्या.

आता त्या तिकडेच असतात. गावच्या विहारात तो कॉम्प्युटर आहे. ओंकार सांगतो, आळीतल्या मुली संध्याकाळी तिथे जमून आक्काची गाणी बसवतात, चुकल्या की आक्का मांडीवर थाप मारून ताल दाखवते. मॅडमशी माझं फोनवर बोलणं होतं. जायचं जायचं म्हणते, अजून झालेलं नाही.

त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते वाकोल्याच्या पुलाजवळ, हायवेवर, उदगीरच्या बसपाशी. सामान चढवून झालं होतं. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून हात हलवत होते. दोघी बहिणी खिडकीशी बसल्या होत्या. आक्काच्या गळ्याभोवती मफलर होता. ती मॅडमच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होती, आणि हायवेच्या त्या गोंगाटात ते ऐकू यावं म्हणून मॅडमनी कान अगदी तिच्या ओठांशी नेला होता. ऐकता ऐकता त्यांना हसू फुटलं. मग आक्काही हसायला लागली, बिनआवाजाची, खांदे हलवत. बस निघाली तरी दोघी हसतच होत्या. माझ्याकडे बघायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.